सोनू, बोरन्हाण मे महिन्यात नको

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘छोटूचं बोरन्हाण मे महिन्यात सगळे जमतील तेव्हा केलं तर चालेल का?’ मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. दूध उतू जायला आलं होतं, आणि मनातलं फोनवर नीट सांगता आलं नसतं. म्हणून लिहितेय.

मे महिन्यात नको गं. शास्त्र मोडतं म्हणून नव्हे. मे महिन्यात बोरं कुठून आणशील? मग चॉकलेटं येतील, रंगीत गोळ्या येतील, फोटोही छान निघतील, पण छोटूच्या हाताला त्या दिवसांचं काहीच लागणार नाही. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस ठरले ते उगाच नाही. तेव्हा बोरं पिकलेली असतात, उसात गोडी उतरलेली असते, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. शेतात जे आलंय तेच लेकराच्या डोक्यावरून ओतायचं.

तुझ्या पहिल्या बोरन्हाणाचा हलवा आजीने घरी केला होता. शेगडीसमोर बसायची, परातीत तीळ, त्यावर पाकाचा एकेक थेंब, आणि बोटं सारखी फिरती. बोटांची टोकं लाल व्हायची. चार रात्री लागल्या. ‘थंडी असली तरच काटा धरतो,’ म्हणायची. त्या हलव्याचे दागिने काळ्या झबल्यावर घालून तुला पाटावर बसवलं. चुरमुरे पडले तेव्हा तू हसलीस. एक बोर कपाळाला लागलं तेव्हा भोकाड पसरलंस. मग रडता रडताच तेच बोर दोन्ही हातांत धरून चाटायला लागलीस. ते तोंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

छोटूच्या वेळी वरून बोरं टाकू नका, हात खाली आणून हळूच सोडा. जमलेल्या मुलांत तीन-चार वर्षांची असतील. हरभरे आणि बोराच्या बिया घशात अडकतात, म्हणून हरभरे नकोतच, बोरं बी काढून मोठ्यांनी भरवायची आणि एकीने मुलांजवळ बसूनच राहायचं. आणि बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात. तो चार वर्षांचा झाला, आता किती राहिली?

तुला आठवतं का, वाईच्या घरी दर रविवारी बरोबर बाराच्या ठोक्याला आपण ओसरीवर खडूने रेघ मारायचो, ऊन जिथवर आलंय तिथे? पौषात ऊन पार आतल्या दारापर्यंत यायचं, मग एकेक रविवारी मागे सरकत चैत्रात उंबऱ्याशी जायचं. तू म्हणायचीस, ‘ऊन घरी चाललं.’ तुमच्या फ्लॅटची बाल्कनी दक्षिणेला आहे, छोटूलाही खडू दे. आणि मे महिन्याच्या मध्याला, साधारण 13-14 तारखेला, पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला त्याला गच्चीत उभं कर. सावली पायाखाली गडप झालेली बघू दे. सगळे जमणारच असाल तर मे महिन्यात हे करा.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू दुसरीत होतीस त्या वर्षी ऑफिसच्या धावपळीत मी भोंडला घातला नाही. संध्याकाळी घरी आले तर तू पाटीवर हत्ती काढून ती जमिनीवर ठेवली होतीस आणि एकटीच तिच्याभोवती फिरत होतीस. बाहेर हस्ताचा पाऊस धो धो. खिरापत म्हणून वाटीत चार शेंगदाणे. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून तुझा हात धरला आणि फेर धरला. त्या दिवशी मला कळलं, मुलं वाट बघत असतात. हत्ती कधी, पिठोरीला आई पाठीमागे वाण धरून ‘अतिथी कोण?’ कधी विचारते, मृगाचे लाल मखमली किडे मातीतून कधी वर येतात. आता मंडईत जवळजवळ सगळं बारा महिने मिळतं. छोटूला एखादी तरी गोष्ट अशी असू दे, जिच्यासाठी त्याला थांबावं लागेल.

जूनमध्ये त्याला इकडे पाठव. ते किडे मी दाखवीन.

रथसप्तमी आठवड्याच्या मधे येत असली तरी त्याआधी रविवार आहेच. तोच धर. शेजारची पाच-सहा मुलं पुरेत, हॉल वगैरे घेऊ नकोस. चुरमुरे आणि ऊस तिथेच घे. उसाचे करवे अगदी बारीक कर, तेही सजावटीपुरतेच. झबलं शिवायला वेळ नसेल तर काळा सदरा चालेल. हलव्याचे दागिने विकतचेच आणू, माझी बोटं आता तेवढी चालत नाहीत.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. बोरं मी आणते.

तुझी,
आई