फ्लूची गोळी वेळेत मिळावी, पण चिठ्ठीवरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत फ्लूच्या रुग्णांचे आकडे येऊ लागतात आणि लगोलग आमच्या औषधांच्या दुकानात ऑसेल्टामिविरची, म्हणजे लोक जिला 'टॅमिफ्लू' किंवा 'स्वाइन फ्लूची गोळी' म्हणतात तिची, मागणी वाढते. या मागणीतली एक विसंगती मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. धडधाकट तरुण माणसे पहिल्या शिंकेला ही गोळी हक्काने मागतात. आणि जिच्यासाठी ती खरोखर मोलाची आहे अशी गरोदर स्त्री, मधुमेह असलेले आजोबा किंवा दम्याचा रुग्ण ताप अंगावर काढून चौथ्या-पाचव्या दिवशी चिठ्ठी घेऊन येतो. त्याबद्दल चार शब्द सविस्तर लिहावेसे वाटले.

हे औषध विषाणूला थेट मारत नाही. फ्लूचा विषाणू घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या पेशीत शिरून आपल्या प्रती तयार करतो आणि त्या प्रती पेशीपासून सुट्या होण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावरील न्यूरामिनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते. ऑसेल्टामिविर या विकराला अडवते, त्यामुळे नव्या प्रती पुढच्या पेशींपर्यंत पोहोचत नाहीत. विषाणूची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक वाढत असल्याने औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. याचा अर्थ दोन दिवस उलटले की औषध निरुपयोगी, असा मात्र नाही. आजार गंभीर असेल तर डॉक्टर ते उशिरानेही सुरू करतात आणि तसे करणे योग्यच आहे.

मग ते सरसकट सर्वांना का देऊ नये? निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचण्यांचा जो आढावा कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात आजाराचा सरासरी काळ सात दिवसांवरून सुमारे ६.३ दिवसांवर आल्याचे दिसले, म्हणजे पाऊण दिवसाहून कमी फरक. त्याबरोबर मळमळ आणि उलट्या होणाऱ्यांची संख्या वाढली. उलट २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या अनेक देशांतील हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर, ज्यांना औषध लवकर मिळाले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की औषधाची खरी जागा कळते: सुदृढ माणसाला विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल बहुधा पुरते, पण ज्याची प्रकृती आधीच नाजूक आहे त्याच्या बाबतीत थांबून पाहण्यात धोका आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ च्या साथीपासून रुग्णांची जी वर्गवारी केली आहे, ती याच विचारावर उभी आहे. साधा ताप, खोकला, घसा दुखणे एवढेच असेल तर 'अ' गट. त्यात तपासणी नको आणि ऑसेल्टामिविरही नको, फक्त घरी राहावे आणि डॉक्टरांनी एक-दोन दिवसांत पुन्हा पाहावे. जास्त ताप आणि घसा फार दुखत असेल, किंवा लक्षणे सौम्य असली तरी रुग्ण पाच वर्षांखालील मूल, ६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्री, अथवा मधुमेह, हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड यांचा आजार किंवा कर्करोग असलेला असेल तर 'ब' गट. यात औषधाचा विचार करायचा आणि त्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट पाहायची नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळी दिसणे, रक्तदाब घसरणे हा 'क' गट, म्हणजे ताबडतोब रुग्णालय. लहान मुलाने दूध किंवा खाणे सोडले, ते सतत किरकिर करू लागले किंवा मलूल पडले तर तेही याच गटात येते.

अहवालाची वाट न पाहण्याचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करते. मागे एकदा एक गरोदर बाई सासूबाईंसह दुकानात आल्या. त्यांच्या चिठ्ठीवर औषध लिहिलेले होते, पण 'अहवाल आल्यावर सुरू करा' असे सांगितल्याने त्या तोपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घेत होत्या आणि अहवालाला आणखी वेळ लागणार होता. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन करायला सांगितले, डॉक्टरांनी लगेच सुरू करायला सांगितले आणि पहिली कॅप्सूल त्यांनी दुकानातच पाण्याबरोबर घेतली. गरोदरपणात औषधांची भीती वाटणे स्वाभाविक आहे, तरी गरोदर स्त्रीला फ्लू झाल्यास ऑसेल्टामिविरलाच प्राधान्य द्यावे असे तज्ज्ञ सांगतात, कारण अशा वेळी फ्लूचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

दुसऱ्या बाजूचा अनुभवही तितकाच नेहमीचा आहे. एक गृहस्थ मोबाइलवर पत्नीच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवून तेच औषध शाळकरी मुलासाठी मागत होते आणि '७५ ची कॅप्सूल उघडून अर्धी पावडर देऊ का' असे विचारत होते. मोठ्यांची उपचाराची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस अशी असते. एक वर्षापुढच्या मुलांची मात्रा वजनावर ठरते: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, पुढे ४५, मग ६०, आणि ४० किलोच्या वर मोठ्यांइतकी. एक वर्षाखालील बाळाचा हिशेब आणखी वेगळा असतो. पातळ औषध असेल तर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते बाटलीवर पाहून, सोबत मिळालेल्या सिरिंजनेच मोजायचे असते, घरातल्या चमच्याने नव्हे. शरीराबाहेर ते मूत्रपिंडावाटे पडत असल्याने मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णाची मात्रा कमी करावी लागते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाची तर पूर्ण वेगळी ठरते. एवढे सगळे जुन्या चिठ्ठीच्या फोटोवरून कसे ठरवणार?

या औषधावरचे निर्बंध एके काळी फार कडक होते. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. त्या वेळी औषध सुरुवातीला सरकारी यंत्रणेकडेच मिळे आणि नंतरही ते 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे विक्रीवर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, असल्याने मोजक्या दुकानांत असे. २०१७ मध्ये ते 'शेड्यूल एच-१' या त्यामानाने सौम्य यादीत आणल्यामुळे नेहमीच्या दुकानात मिळू लागले, आणि ही सवलत गरजू रुग्णाला वेळेत औषध मिळावे म्हणून आहे. चिठ्ठी मात्र आजही बंधनकारक आहे. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. माझ्या व्यवसायबंधूंपैकी जे ओळखीपाळखीवर स्ट्रिप देतात, त्यांनी आपण रुग्णावर उपकार करतो आहोत हा समज सोडावा, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याकडे पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. डेंग्यू, हिवताप, कोकणात आणि मुंबईत लेप्टोस्पायरोसिस, हे सारे याच दिवसांत असतात आणि त्यांच्यावर ऑसेल्टामिविरचा काडीचाही उपयोग नाही. घरात उरलेली गोळी घेऊन तीन दिवस काढले तर लेप्टोच्या रुग्णाचे नेमके तेच तीन दिवस वाया जातात. तापासाठी ॲस्पिरिन तर मुलांना अजिबात देऊ नये: फ्लूमध्ये त्याने राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा गंभीर विकार होऊ शकतो आणि डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. प्रतिजैविकांचेही तसेच. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या प्रकारच्या फ्लूची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने अशा तापखोकल्यात ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधे सरसकट न देण्याचे आवाहन केले होते, तरी 'ती तीन दिवसांची गोळी द्या' हे वाक्य काउंटरवर आजही रोज ऐकू येते.

औषध सुरू केल्यावर मळमळते म्हणून दुसऱ्या दिवशी ते सोडून देणारेही पुष्कळ आहेत. जेवणानंतर घेतले तर हा त्रास बराच कमी होतो. ताप उतरला तरी पाच दिवस पूर्ण करावेत आणि उरलेल्या कॅप्सूल शेजाऱ्यांना देण्याची वेळच येऊ देऊ नये. क्वचित मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये भ्रम होणे, विचित्र वागणे असे प्रकार नोंदले गेले आहेत; जपानने याच कारणाने २००७ पासून २०१८ पर्यंत १० ते १९ वर्षे वयोगटासाठी निर्बंध ठेवले होते. तापामुळेही असे होऊ शकते, त्यामुळे घाबरून जाऊ नये, पण मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. साथीच्या दिवसांत रुग्णसंख्येचा आकडा आपण पहिल्या पानावर छापता. त्याच बातमीसोबत चौकटीत, औषध लवकर कुणी सुरू करायला हवे त्या रुग्णांची यादी, 'क' गटाची लक्षणे आणि महापालिकेच्या कोणत्या रुग्णालयांत हे औषध विनामूल्य मिळते त्यांची नावे छापावीत. डॉक्टरांनाही विनंती, की चिठ्ठीवर ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि मुलाचे वजन लिहावे. ते दोन आकडे असले की मात्रा चुकली आहे का, हे आम्हाला औषध देण्यापूर्वीच पडताळता येते.

आपली नम्र,
एक औषधविक्रेती, पुणे