बाबा, मॉनिटर खराब नाहीये

ती. आई-बाबा, सा. न.

परवा फोनवर नव्या मॉनिटरवरच्या अक्षरांसाठी रिझोल्यूशन (पडद्यावर किती ठिपके दाखवायचे ते) बदलायचं चाललं होतं तेव्हा मी जरा आवाज चढवला त्याबद्दल आधी सॉरी. बाबा, तुम्ही म्हणत होतात "मी करतो गं, पण ते आपोआप परत जातंय" आणि मी म्हणत होते असं कसं होईल, तुम्ही नीट दाबत नसाल. रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रिझोल्यूशन बदललं की कॉम्प्युटर एक छोटी खिडकी दाखवतो, ठेवायचं का जुनं आणायचं, आणि 15 सेकंदांत कीप चेंजेस दाबलं नाही तर खरंच सगळं परत पहिल्यासारखं होतं. ती खिडकी मुंगीएवढ्या अक्षरात, तुम्ही ती वाचायला भिंग शोधणार, तोवर 15 सेकंद संपणार. म्हणजे तुमचं बरोबर होतं, माझंच चुकलं.

आईनं सांगितलं की तुम्ही हल्ली कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय आणि "आता माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही" म्हणताय. डोळ्यांचा काही संबंध नाही हो! मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही नवी पेठेतल्या पाट्या रिक्षात बसून वाचता.

आता तुमच्याच भाषेत सांगते. तुम्ही जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायचे, ग्राफ भरायचात, आठवतंय ना, मी शेजारी बसून तांबडा रंग सांडायची ते. एक घर भरलं की पुट्ठ्याला एक भोक, भोक असलं की तेवढा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर. समजा गुलाबाला आडवी 40 घरं धरली. तोच 40 घरांचा गुलाब बारीक घरांच्या ग्राफवर काढला तर काय होणार, गुलाब आक्रसणार. घरं तेवढीच आहेत पण घरच लहान झालंय. मॉनिटरचं हेच झालंय, त्याची घरं म्हणजे पडद्यावरचे ठिपके, पिक्सेल. जुना साडेएकवीस इंची होता, त्यात इंचाला साधारण 102 घरं. नवा 27 इंची 4के, त्यात इंचाला 163. एकूण मोजली तर जुन्यात 20 लाख 73 हजार आणि नव्यात 82 लाख 94 हजार, म्हणजे बरोब्बर चौपट. आणि कॉम्प्युटर अक्षरं घरं मोजूनच काढतो.

दुकानातल्या पोरानं येऊन काय केलं तर रिझोल्यूशन 1920 बाय 1080 करून गेला. अक्षरं मोठी झाली खरी, पण तुम्हीच म्हणालात ना की कडा भुरकट दिसतात, "क" ची गोलाई पायऱ्या पायऱ्यांची वाटते. जाड ग्राफवर पाकळी काढली की पायऱ्या पडतात तसंच हे, बारीक ग्राफ आणायचा आणि चार-चार घरं मिळून एक धरायचं, मग पैसे कशाला घातले!

तर रिझोल्यूशनला हात लावायचा तो फक्त परत 3840 बाय 2160 करायला, त्याच्यापुढं रेकमेंडेड लिहिलेलं असतं. आणि अक्षरं मोठी करायची ती स्केलनं. स्केल म्हणजे त्याच गुलाबाला 40 ऐवजी 70 घरं द्यायची, मग आकारही मोठा आणि कडाही गुळगुळीत. हे 175 टक्के झालं. 150 ठेवलंत तर हिशोबानं अक्षरं जुन्या मॉनिटरपेक्षा किंचित बारीकच पडतात, मी गुणून बघितलं, 175 ला थोडी मोठी. म्हणून 175.

करताना मात्र आईला शेजारी उभं करा आणि भिंग आधीच हातात घ्या. रिकाम्या जागेवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली स्केल आणि त्याच्याच खाली डिस्प्ले रिझोल्यूशन. आधी रिझोल्यूशन, लगेच कीप चेंजेस (आई, तू मोठ्यानं आकडे म्हण), मग निवांत स्केल, त्याला काही घाई नसते. झालं की एकदा साइन आऊट करून परत आत या, नाहीतर काही खिडक्या धूसर राहतात.

तुमचं ते डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर तरीही धूसर दिसेल. ते ज्या काळात बनलं तेव्हा असले मॉनिटरच नव्हते, त्यामुळं विंडोज त्याचं चित्र नुसतं ताणतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथं सगळ्यात खालच्या चौकटीत टिक करून सिस्टीम एन्हान्स्ड निवडा. फरक पडला तर पडला, नाहीतर मी आल्यावर बघू. माऊस अडखळत चालतोय म्हणालात ते पण तेव्हाच, कॉम्प्युटरचा एचडीएमआय (मॉनिटरची केबल लागते तो जोड) जुना 1.4 चा असला तर 4के ला सेकंदाला 30 चित्रांच्या वर जातच नाही.

आई, तुला यातलं काही करायची गरज नाही. तू तुझ्या रेसिप्या वाचताना कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरव, तेवढं पान मोठं होतं. आणि कडक भाकरी संपल्यात, कुणी पुण्याला येणार असेल तर पाठव, शेंगाची चटणी अजून आहे.

बाबा, जमलं की फोटो पाठवा. स्क्रीनशॉट नको, त्यात अक्षर खरं केवढं दिसतंय ते मला कळत नाही. मोबाईलनं काढा, मॉनिटरला टेकवून ते भिंग ठेवा, म्हणजे मला अंदाज येईल.

तुमची,
बबडी