आठ वाजताचं औषध

पिंपरी
रविवार, 28 सप्टेंबर 2025

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

फोनवर हे जमत नाही, म्हणून लिहायला बसले. चार महिने झाले, आई, तू फोन उचलतेस, ‘जेवलात का सगळे’ विचारतेस आणि लगेच ‘थांब, बाबांना देते’ म्हणतेस. मग बाबा मुळा धरणात पाणी किती आलं ते सांगतात. मीही ऐकते. धरणाची इतकी माहिती मला आयुष्यात कधी नव्हती.

मे महिन्यात मी तुला म्हणाले, ‘माझ्या पोरीला मारायलाच निघाली होतीस.’ ते बोलायला नको होतं. आईला असं कुणी बोलत नाही. माफ कर. औषधाबद्दल जे बोलले ते मात्र मागे घेत नाही.

एस्तूला चौदा महिने एकही फिट आली नव्हती. सलग दोन वर्षं अशी गेली तर औषध हळूहळू कमी करायचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज रात्री ती झोपली की मी कॅलेंडरवर त्या तारखेखाली एक टिंब द्यायचे. प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणतात त्या चंगाई सभेला तू तिला नेलंस, त्याचा मला राग नव्हता. तिथे स्टेजवरून कुणीतरी सांगितलं की औषध चालू ठेवणं म्हणजे अविश्वास, आणि तू त्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं औषध दिलं नाहीस. हे औषध मध्येच तुटलं की फिट उलटून येऊ शकते. दुपारी ती अंगणात पडली. सांगणारा तोवर पुढच्या गावाला गेला होता. आमच्या कॅलेंडरवर पुन्हा पहिलं टिंब.

आता माझंही ऐक. 2023 मध्ये तिला पहिली फिट आली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. रात्रीचे दोन वाजलेले. दातखीळ बसली म्हणून मी तिच्या तोंडात स्टीलचा चमचा घातला. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं. पुढचा दात तुटला. तुम्हाला ‘दुधाचा होता, पडला’ असं सांगितलं, ते खोटं होतं. तोंडात काही घालायचं नसतं, कांदा-चप्पल हुंगवायची नसते, हातपाय दाबून धरायचे नसतात. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा प्रेमापोटी आणि अज्ञानापोटी पोरीला इजा करणारी आपल्या घरात तू पहिली नाहीस.

त्यानंतर बरेच महिने माझ्याकडून प्रार्थना झाली नाही. तुम्ही विचारायचात, मी ‘हो, करते’ म्हणायचे. देवळात उपासनेला उभी राहायचे, गीताला ओठ हलवायचे, बस. ‘बरी कर’ म्हणून म्हणून तोंड दुखलं होतं. एका रात्री तुम्ही दिलेलं पवित्र शास्त्र, बायबल, उघडलं आणि मार्कच्या नवव्या अध्यायातली फिट येणाऱ्या त्या मुलाची गोष्ट वाचली. हीच गोष्ट त्या सभेतही सांगितली असणार. तिथे अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे, मी नाकारत नाही. पण, बाबा, इतक्या वर्षांच्या कौटुंबिक प्रार्थनेत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? प्रभू आधी बापाला विचारतो, याला हे केव्हापासून होतंय? बाप म्हणतो, लहानपणापासून. वर सांगतो की पोरगा कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. अहो, आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता! आणि त्यांनी पहिली ताकीद दिली तीही तीच: गॅसजवळ एकटी सोडू नका, विहीर-तलावावर एकटी पाठवू नका. मी दवाखान्यात बसले होते तसाच तो बाप बसला असेल. आणि मग तो ओरडतो, ‘मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही एका दमात. त्या रात्री मी तेवढंच म्हटलं. तेव्हापासून रोज तेवढंच म्हणते. त्याच्या पुढे फारसं जात नाही, पण रात्री दोन-दोनदा उठून तिचा श्वास बघायचं माझं कमी झालंय.

आई, तू लगेच पुढचं वचन दाखवशील, हा प्रकार प्रार्थनेवाचून निघत नाही. मग करू ना प्रार्थना. प्रार्थना कोण थांबवतंय? आजीच्या गळ्यावरचं आवाळू मिरजेला काढलं, ती गोष्ट तूच सांगायचीस. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेला तो दवाखाना. सुरी लावण्याआधी डॉक्टरांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि आजी एक डोळा उघडून बघत होती, खरंच मिटलेत की नाही! प्रार्थना झाली आणि ऑपरेशनही झालं. आजीला कुणी म्हटलं नाही की यातलं एकच घे.

आणि बाबा, पौलाच्या पत्रांच्या शेवटची नावं तुम्ही नेहमी भराभर वाचून टाकता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तिथेच एका ओळीत आहे, त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतात ठेवलं. एवढंच. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, त्या पौलाचा स्वतःचा सोबती आजारी राहिला. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौलाने लिहिलेलं नाही. ही ओळ सापडली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा करून घेतला, रात्री साडेअकराला.

तुमची ती खाकी पुठ्ठ्याची वही अजून आहे ना? पहाटे चारला उठून एकेका नावावर बोट ठेवता ती. लहानपणी मी गोधडीतून ऐकायचे, मंडळीतले आजारी, कारखान्यातले, कर्जात बुडालेले. कुणी वारलं तरी नाव खोडायचं नाही, पुढे बारीक अक्षरात ‘प्रभूत’ लिहायचं. एस्तूच्या नावापुढे ‘पूर्ण बरी होवो’ आहे, मी पाहिलंय. ते राहू दे. खाली एक ओळ वाढवा, ‘औषध सकाळी आठ, रात्री आठ’. तुमच्या अक्षरात लिहा. तुम्ही लिहिलेलं आई मोडत नाही.

नाताळला आम्ही 23 तारखेला राहुरीला येतोय, नव्या वर्षापर्यंत राहू. जावई दोन दिवस उशिरा येतील, त्यांची सुट्टी अजून ठरायची आहे. आई, करंज्या मी आल्यावर कर, एकटीने घाट घालू नकोस.

आणि एस्तूचं औषध तेवढे दिवस तू द्यायचंस. मी बाजूला उभी राहणार नाही. बाटली आधी हलवायची. टोपणावर पाचची खूण आहे, टोपण डोळ्याच्या रेषेत धर, वरून बघितलं की जास्त पडतं. तिला चव आवडत नाही, नाक मुरडते. मग वर थोडा गूळ दे. पण थोडाच, नाहीतर रोज मागत बसेल.

तुमची,
बेबी