मोडक्या चकलीला नावे ठेवू नका

दिवाळी आली की नौपाड्यातल्या गोखले रोडवर पाय ठेवायला जागा नसते. सणाला नवे कपडे हवेतच, खरेदीला माझा विरोध नाही. पण परवा आमच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीने आईच्या हातच्या चकल्या फोटोसाठी बाजूला सारल्या आणि विकतच्या मांडल्या. का, तर घरच्या चकल्यांना काटे नीट आले नव्हते. खुसखुशीत होत्या हो, मी खाल्ल्यात! आईचा उतरलेला चेहरा पाहून जीव तुटला.

मोबाइलवरच्या खरेदीच्या ॲपमधून आणि जाहिरातींतून मुलांच्या मनात हा कमीपणा मुद्दाम पेरला जातो. ‘शेवटचे दोनच नग’ ही खोटी घाई, सवलत नाकारताना ‘नको, मला बचत नको’ असे म्हणायला लावणारे बटण... केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांना मनाई आहे. तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइनही आहे. घराघरांत हे माहीतच नाही.

ठाण्यातल्या शाळांनी सुट्टी लागण्याआधी एक तास मुलांना मोबाइलवर अशा जाहिराती दाखवून त्यातली लबाडी समजावून द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक आजी, नौपाडा, ठाणे