सोलापूरच्या तारखा आणि शाळेची सुट्टी

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. महाडला बदली होऊन वर्ष झालं नाही तोच मुख्याध्यापकांनी 20 मार्चचा, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठवणीचा कार्यक्रम तुझ्याकडे सोपवला, हे वाचून मला फार आनंद झाला. तू विचारतोस, फोटोला हार आणि दोन भाषणं यापलीकडे चौथी-पाचवीच्या पोरांसाठी काय करायचं? मी इथे काय करतो ते लिहितो.

आपल्या सोलापूरच्या मोठ्या तारखा शाळेच्या वेळापत्रकात बसतच नाहीत. 6 एप्रिल 1930 रोजी नगरपालिकेवर तिरंगा चढला, पण एप्रिलमध्ये शाळेत परीक्षेची घाई. 8 मेचा गोळीबार, 9 ते 11 मे या तीन दिवसांत इंग्रजांचा अंमल झुगारून दिलेलं गाव, 12 मेला लागलेला मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, हे सगळं ऐन उन्हाळी सुट्टीत. उरते 12 जानेवारी. 1931 साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. त्याच दिवशी जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती असते, आणि गावात गड्ड्याच्या यात्रेची धामधूम. मग आपल्या चौघांच्या वाट्याला सूत्रसंचालनातलं एक वाक्य येतं. मला ते बघवत नाही रे.

म्हणून मी 30 जून धरतो. मार्शल लॉ त्या दिवशी उठला, आणि शाळा तेव्हा नुकतीच सुरू झालेली असते. पोरांना सांगतो, तिरंगा हातात घेतला तरी तुरुंग, गांधी टोपी घातली तरी धरपकड, असे सात आठवडे आपल्या गल्लीत कसे गेले असतील? दूध कोण आणत असेल? रात्री कुणी आजारी पडलं तर? गिरणीच्या पाळीला माणसं कशी जात असतील? घरी विचारून या. उत्तरं तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत मिळतात आणि वर्गात मराठीत सांगताना अडलं की शेजारचं पोर शब्द पुरवतं. एका मुलीच्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलं होतं की घरातल्या टोप्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. मी फळ्यावर दोन रकाने करतो, ‘कागदात आहे’ आणि ‘घरी ऐकलं’. टोप्या दुसऱ्या रकान्यात गेल्या. मग मुलं स्वतःहून भांडू लागली, कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात टाकायची म्हणून. इतिहासाच्या तासाला असं भांडण व्हावं यासारखं सुख नाही.

नंतर सगळे चालत त्या चौघा हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जातो. पोरांना तो चौक पत्ता सांगण्यापुरता माहीत असतो, नावं तिथे गेल्यावर पहिल्यांदा नीट वाचतात. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, हे मी बोलून दाखवत नाही, त्यांचं त्यांना दिसतं. प्रश्नही तिथेच येतात. सोलापूरच्या माणसांना फाशी पुण्यात का? त्यांनी केलं काय होतं? मी सगळं सांगतो. 8 मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे गेला, जमाव खवळला, चौकी जळली, पोलीस मारले गेले आणि त्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला. गावाने तो कधी मानला नाही. एक मुलगा म्हणाला, मेलेल्या पोलिसांच्या घरीपण पोरं असतील ना, सर? असतील, म्हटलं. दहा वर्षांच्या पोराला एवढं पेलतं, अनिल. आपणच उगाच त्यांच्यासाठी इतिहास गाळून घेतो.

डॉ. कोटणीसांची जयंती, 10 ऑक्टोबर, त्यामानाने सोपी जाते. सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांसाठी राबला, एवढं सांगितलं की पोरं नकाशा काढून बसतात.

तुझी तारीख शाळेच्या दिवसांत येते, चवदार तळंही गावातच आहे. पण ज्यांना पाणी नाकारलं आणि ज्यांनी नाकारलं, त्या दोघांची पणतवंडं तुझ्या एकाच वर्गात असतील. त्यामुळे थेट 1927 पासून सुरुवात करू नकोस. आधी 1923 चा बोले ठराव सांग, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असं सांगणारा. मग 1924 ला महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं ते सांग. आणि विचार, तळं कागदावर खुलं होतं, तर बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे जावं का लागलं? उत्तर तू देऊ नकोस, त्यांना शोधू दे. सुरबानाना टिपणीसांचं नाव जरूर घे. हे नगराध्यक्ष सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले, हे सवर्ण घरातल्या पोरांना कळलंच पाहिजे. आणि तळ्यावरच्या हक्काचा हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं, तेही सांग. 20 मार्चला ओंजळभर पाणी प्यायलं आणि सगळं मिटलं, असं पोरांना वाटता कामा नये.

2027 ला शंभर वर्षं होतात, तेव्हा मोठे मांडव पडतील, पाहुणे येतील. त्याच्या आत तुझ्या पोरांना एकदा शांतपणे तळ्यावर नेऊन आण. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून पाठव. मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन.

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर