मोठ्या शाळेत रुळताना

प्रिय सोन्या,

"सगळ्यांचे ग्रुप ठरले, मीच एकटा राहिलो," असं तू म्हणालास, ते माझ्या मनातून जात नाहीये. लिहून ठेवलं तर तुला हवं तेव्हा पुन्हा वाचता येईल, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल मैत्री कशी जुळते याचा अभ्यास करतात. २०१८ साली त्यांनी मांडलं, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. त्यांनी अभ्यासलेली माणसं तुझ्यापेक्षा मोठी होती, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नकोस. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली: नुसतं एकत्र काम केल्यानं मैत्री फारशी वाढत नाही, गप्पा आणि खेळ यांतले तास खरे मोजायचे. म्हणजे दिवसभर एका वर्गात बसूनही तुमचे खरे तास मधल्या सुट्टीचे आणि येण्याजाण्याचेच. एवढ्याशा दिवसांत ते भरतील कुठून? जे ग्रुप तुला पक्के वाटतात, त्यातले बरेच जुन्या शाळेतून एकत्र आलेले असतील, आणि बाकीचे अजून बदलतील. जुन्या मित्रांना मात्र सोडू नकोस. नवी माणसं मिळेपर्यंत त्यांचा फार आधार असतो.

आता अभ्यासाचं. "मला इथलं झेपत नाही" हे तुझं वाक्य मला मान्य नाही. जुन्या शाळेत बराचसा वेळ एकच बाई असायच्या. सगळा गृहपाठ त्याच द्यायच्या, त्यामुळे कुठल्या दिवशी किती द्यायचा याचा मेळ त्याच घालायच्या. आता प्रत्येक तासाला शिक्षक वेगळे. विज्ञानाच्या सरांना गणिताच्या बाईंनी काय दिलंय ते ठाऊक नसतं. तो मेळ घालायचं काम अचानक तुझ्यावर आलंय आणि ते कुणी शिकवलेलं नाही. तुझी ओढाताण होते ती यामुळे. डोकं कमी पडतंय म्हणून नव्हे.

तेव्हा गृहपाठ तास संपायच्या आत वहीत उतरव, आणि शेजारी तो कधी द्यायचा ती तारीख. "घरी गेल्यावर लिहीन" म्हटलं की निम्मं विसरायला होतं. दर रविवारी आपण दोघं ती वही बघू आणि दोन मोठी कामं एकाच दिवशी येतायत का ते हेरू. येत असतील तर शिक्षकांना आधी जाऊन सांग. तारीख उलटल्यावर सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटतं, तेच आधी सांगितलं तर शिक्षक बहुतेक वेळा ऐकतात. पहिल्या चाचणीत गुण घसरले तरी मी रागावणार नाही. शाळा बदलल्यावर बऱ्याच मुलांचं तसं होतं.

दप्तर वेळापत्रक बघून रात्रीच भर. आणि झोप! या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं. म्हणून तुला रात्री लवकर झोप येत नाही. तो आळस नाही, हे मी जाणते. पण शाळेची वेळ काही पुढे सरकत नाही, आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहानांना आणखी जास्त. त्यामुळे मोबाइल रात्री तुझ्या खोलीबाहेर राहील. यावर वाद घालू नकोस. माझाही बाहेरच ठेवीन.

एक गोष्ट मात्र मनात अजिबात ठेवायची नाही. वरच्या वर्गातली मुलं एखाद्या वेळी चिडवतील, ते तू निभावशील. पण कुणी रोज मागे लागत असेल, वस्तू काढून घेत असेल, हात लावत असेल किंवा मोबाइलवर घाण लिहीत असेल, तर त्याच दिवशी मला सांग. "आई शाळेत येऊन तमाशा करेल" ही भीती तुला वाटेल, म्हणून आत्ताच शब्द देते: पुढे काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, तुला न विचारता मी शाळेत पाऊल टाकणार नाही. जिवाला धोका दिसला तरच थांबणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

शाळेत खेळांची आणि छंदांची नावनोंदणी सुरू आहे. सगळीकडे नाव घालू नकोस, एकच निवड, पण जिथे तीच तीच मुलं दर आठवड्याला भेटतील असं. तुला बुद्धिबळ येतं, पण मला विचारशील तर नाटक घे. तालमीत रिकामा वेळ भरपूर असतो आणि गप्पा आपोआप होतात. दोन्हीपैकी काय ते रविवारी वही बघताना सांग, अर्जावर सही करून देईन.

तुझी,
आई