पेनड्राइव्हला अक्षर नको, नाव हवं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आमच्या अमळनेरच्या घरात कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाची, तयारी सुरू होते. माझ्या सासूबाई कानबाईची अहिराणी गाणी रात्र रात्र म्हणायच्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांची ४१ गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये ठेवली. मागच्या वर्षी तो पेनड्राइव्ह मी माझ्याच हातांनी फॉरमॅट केला.

भाच्याच्या लग्नाचे फोटो द्यायला दुसरा एक पेनड्राइव्ह रिकामा करायचा होता. दोन्ही काळे, एकाच मापाचे. विंडोजचा संगणक लावलेल्या पेनड्राइव्हला ओळखीसाठी एक इंग्रजी अक्षर देतो. गाण्यांचा लावला की पडद्यावर नेहमी ‘ई’ दिसायचं, म्हणून ‘ई’ म्हणजे गाणी हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या दिवशी दुसरा आधी लावला गेला. त्याने ‘ई’ घेतलं, गाणी ‘एफ’वर गेली. मी ‘एफ’ फॉरमॅट केलं. संगणकाने विचारलं होतं, यातली सगळी माहिती पुसली जाईल, चालेल का? कोणती माहिती, ते काही दाखवलं नाही.

तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल कुठल्याही बाकावर बसलं तरी हजेरीत त्याचं नाव तेच. इथे हाक बाकाच्या नंबराने मारली जाते. संगणक आधीचं अक्षर लक्षात ठेवायचा प्रयत्न करतो, पण ते दुसऱ्याने घेतलेलं असलं की पुढचं मोकळं अक्षर देतो. ही रीत फ्लॉपीच्या काळातली. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा फ्लॉपीच्या दोन खाचा, ‘ए’ आणि ‘बी’. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली, तिला ‘सी’ मिळालं. फ्लॉपी केव्हाच गेल्या, तरी मोजणी आजही ‘सी’पासून सुरू होते. अॅपलच्या मॅक संगणकावर अक्षरं नसतात, पेनड्राइव्हला दिलेलं नावच दिसतं. म्हणजे दुसरी रीत जमत नाही असं नाही.

संगणक बनवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की पुसण्याआधी आत काय आहे ते दाखवा: पाच-दहा फाइलींची नावं, शेवटची कधी उघडली ती तारीख. आणि पेनड्राइव्ह विकणाऱ्या आपल्या गावोगावच्या दुकानदारांना विनंती, की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याला एक नाव टाकून द्या. पेनड्राइव्हच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबायची, ‘रीनेम’ निवडायचं, झालं. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नाव ११ अक्षरांत बसवावं लागतं आणि ते देवनागरीत घेतलं जात नाही, रोमन लिपीतच लिहावं लागतं. ‘एनटीएफएस’ असेल तर देवनागरी चालते, ३२ अक्षरांपर्यंत. शेतीचे उतारे, मुलांचे दाखले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आता यातच असतात. त्यावर घरच्या भाषेतलं नाव का असू नये?

जळगावच्या एका दुकानदाराने काही गाणी परत काढून दिली. फॉरमॅट केल्यावर पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं लगेच जात नाहीत, असं त्यांनी समजावलं. पण मी त्यावर लग्नाचे फोटो भरले होते, त्यामुळे बरीच पानं कायमची गेली. ४१ पैकी १७ गाणी आली, तीही नावांशिवाय, नुसते आकडे. एकेक ऐकून मी १५ गाण्यांना नावं दिली. दोन काही केल्या ओळखता येईनात. गल्लीत सासूबाईंच्या बरोबरीच्या एक आजी आहेत, त्यांना येत्या रविवारी ऐकवणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर